विलोम गति आणि चलच्चित्रांच्या फितींची हानि

मुंबईंतील जुन्या घराण्यांच्या कपाटांत पोथ्या, कागदपत्रें आणि तसबिरी यांच्या जोडीला गेल्या शंभर वर्षांत आणखी एका साधनाची भर पडली आहे. पत्र्याच्या वाटोळ्या डब्यांत ठेविलेलीं घरगुती चलच्चित्रांचीं रिळें हें तें साधन होय. मुंज, लग्न, चौपाटीवरील विसर्जन, दादरच्या मैदानावरील क्रिकेटचा सामना, ट्रामच्या खिडकींतून टिपलेला परळचा रस्ता असे प्रसंग त्यांवर असतात. माणसें चालत कशीं, नमस्कार कसा करीत, बायका पदर कसा सांवरीत, हें लेखी साधनांत सहसा सांपडत नाहीं. तें या फितींत सांपडतें. तथापि डबे उघडून पाहिल्यास पुष्कळ फितींचीं छिद्रें फाटलेलीं, सांधे उचकटलेले आणि मधूनच एखादी चौकट करपलेली दिसते. मालकांस विचारावें तर बहुधा एकच उत्तर मिळतें, कीं मुलांच्या हट्टाखातर यंत्र उलटें चालवीत असूं, त्यानें हें झालें. या उत्तरांत तथ्य किती, हें तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

यंत्राच्या सरळ गतीस आम्ही अनुलोम व उलट गतीस विलोम म्हणतों. संस्कृतज्ञ वाचकांस या संज्ञा परक्या नाहींत. गोदातीरच्या पार्थपुरीं, म्हणजे आजच्या पाथरीस, सोळाव्या शतकांत होऊन गेलेल्या दैवज्ञ सूर्य पंडितानें रामकृष्णविलोमकाव्य रचिलें. त्यांतील श्लोक सरळ वाचला तर रामाची कथा निघते, शेवटाकडून वाचला तर कृष्णाची. जटापाठ म्हणणारा वैदिक तर दोन पदें सरळ, मग उलट, मग पुनः सरळ अशीं नित्य म्हणतो. त्यानें मंत्राची हानि होत नाहीं. पाठ अधिक दृढ होतो. अक्षर या शब्दाचा अर्थच मुळीं न झिजणारें असा. फितीला ही सोय नाहीं. तिचें प्रत्येक वाचन, मग तें अनुलोम असो वा विलोम, तिच्या अंगावर उमटतें, आणि म्हणूनच संशोधकास तें पुढें वाचतां येतें.

ज्या चित्रामुळें विलोम गतीचा खेळ जगांत प्रसिद्ध झाला, तें चित्र मुंबईंत पहिल्याच दिवशीं येऊन पोंचलें होतें. ता. ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचे प्रतिनिधि मारियुस सेस्तिए यांनीं वॉटसन हॉटेलांत दरडोई एक रुपया आकारून सहा चित्रें दाखविलीं. आगगाडीचें आगमन, समुद्रस्नान, कारखान्यांतून बाहेर पडणारे कामगार इत्यादिकांबरोबर त्यांत भिंत पाडण्याचें एक चित्र होतें. लिओं येथील कारखान्याच्या आवारांत मजूर एक भिंत ढकलून पाडीत आहेत आणि स्वतः ऑग्युस्त ल्युमिएर जवळ उभे राहून त्यांस सांगत आहेत, एवढाच त्याचा विषय. हें चित्र सरळ दाखवून झालें, कीं चालक यंत्राची मूठ उलटी फिरवी. उडालेली धूळ आपोआप गोळा होई, विटा जागच्या जागीं जात आणि पडलेली भिंत पुनः उभी राही. १८९६ सालच्या प्रेक्षकांस आगगाडीइतकेंच हेंहि नवल वाटलें. याच महिन्याच्या १४ तारखेस मुंबईंतील खेळ नॉव्हेल्टी थिएटरांत गेले.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. ल्युमिएर यांची फीत सुमारें सतरा मीटर लांब, म्हणजे एका मिनिटाच्या आंत संपणारी. प्रत्येक चौकटीच्या दोहों अंगांस एकएकच गोल छिद्र. यंत्रास खालचें रीळ नव्हतें. दाखवून झालेली फीत खालच्या पेटींत सैल पडे. तेव्हां विलोम गतींत फितीस खालून ओढ बसत नसे. दुसरें, यंत्र हातानें फिरे. फीत कोठें अडली तर तें चालकाच्या मनगटास तत्काळ कळे व तो थांबे. पुढें विजेची मोटार आली. मोटारीला मनगट नाहीं. फीत अडली तरी ती आपली फिरत राहते. हानीचा इतिहास खरा येथून सुरू होतो असें आमचें मत आहे.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९६ सालचे हे खेळ पाहिले आणि इंग्लंडांतील रायली ब्रदर्स यांजकडून चित्रें घेण्याचें यंत्र मागविलें. १८९९ च्या नोव्हेंबरांत हँगिंग गार्डन येथें त्यांनीं एका कुस्तीचें चित्र घेतलें. १९०१ सालीं सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या स्वागताचेंहि घेतलें. या फितींपैकीं आज कांहींच उरलें नाहीं. एखाद्या बखरीचा उल्लेख दहा ठिकाणीं सांपडावा व प्रत एकहि न मिळावी, तसाच हा प्रकार आहे.

दादासाहेब फाळके यांचें उदाहरण आमच्या विषयास अधिक जवळचें आहे. गिरगांवांतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसांत ख्रिस्तचरित्राचें चित्र पाहिल्यावर त्यांनीं एक लहान यंत्र व कांहीं फिती घरीं आणल्या, रात्रीं मेणबत्तीच्या उजेडावर भिंतीवर चित्रें पाडलीं, आणि तीं पुनः पुनः न्याहाळण्याच्या नादांत स्वतःची दृष्टि धोक्यांत घातली. मराठी घरांतील घरगुती प्रक्षेपणाच्या अगदीं आरंभींच्या उदाहरणांत याची गणना करावी लागेल. तेथें फितीच्या आधीं पाहणाराचे डोळे झिजले. १९१२ सालीं ते लंडनास गेले व विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फितीला छिद्रें पाडण्याचें यंत्र घेऊन आले. त्या काळीं कोरी फीत छिद्रांवांचून येई. दादरच्या घरीं अंधाऱ्या खोलींत बसून तीस छिद्रें पाडण्याचें काम सरस्वतीबाई फाळके करीत. एका फुटांत सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीस एका अंगाला चार व दुसऱ्या अंगाला चार छिद्रें. या हिशेबानें ३,७०० फुटांच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटाच्या एका प्रतीस ४,७३,६०० छिद्रें होतात. ता. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफांत जें चित्र लोकांनीं पाहिलें, तें या छिद्रांच्या आधारावर चाललें होतें. चित्रपटाच्या इतिहासांत नटांचीं व दिग्दर्शकांचीं नांवें येतात, तशींच छिद्रें पाडणाऱ्या या हातांचींहि यावयास हवींत.

'राजा हरिश्चंद्रा'चीं पहिलें आणि शेवटचें अशीं दोनच रिळें आज उपलब्ध आहेत. पोथ्यांच्या संग्राहकांस यांत एक गंमत दिसेल. पोथीचें पहिलें व शेवटचें पान आधीं जातें, कारण तींच बाहेरच्या अंगाला असतात. येथें मध्य गेला आणि आद्यंत राहिले. हीं रिळें १९१३ सालचीं कीं १९१७ सालीं फाळक्यांनीं पुनः घेतलेल्या चित्रपटाचीं, याविषयींहि विद्वानांत मतभेद आहे. पाठभेदांचा हा वाद आमच्या वाचकांस अपरिचित वाटूं नये.

नाट्यगृहांत दाखविल्या जाणाऱ्या त्या फिती नायट्रेटच्या, म्हणजे स्फोटकाच्या कुळांतल्या. दादर येथील कोहिनूर कंपनीच्या मूळ फिती १९२३ सालच्या आगींत गेल्या. पुष्कळ प्रती त्यांतील चांदीसाठीं आटविल्या गेल्या. ता. १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवांतील मॅजेस्टिकमध्यें लागलेल्या 'आलम आरा'ची एकहि प्रत उरली नाहीं. भारतांत झालेल्या सुमारें तेराशें मूक चित्रपटांपैकीं पूर्ण वा त्रुटित असे तीससुद्धां हातीं लागत नाहींत. घरगुती फितींची गोष्ट निराळी. १९२२ सालची पाते कंपनीची साडेनऊ मिलिमीटरची, १९२३ सालची कोडॅकची सोळाची आणि १९३२ सालची आठाची, या फिती घरांत वापरावयाच्या म्हणून सहसा न पेटणाऱ्या ॲसिटेटवर केलेल्या. त्यांना आगीचें भय थोडें. त्यांना भय वापरणाराचें. आगींत गेलेलें एकदम जातें व त्याची वर्तमानपत्रांत नोंद होते. वापरानें गेलेलें दरवर्षीं चार चार चौकटींनीं जातें व त्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. प्रक्षेपक यंत्रांत फीत सतत सरकते असें पाहणारास वाटतें, पण तें तसें नाहीं. मूक चित्रांच्या वेगानें सेकंदास सोळा वेळां ती थांबते आणि सोळा वेळां पुढें जाते. झरोक्यापाशीं एक लहान पोलादी नखी असते. ती छिद्रांत शिरते, फीत एक चौकट खालीं ओढते, बाहेर निघते आणि वर जाऊन पुढच्या छिद्रांत शिरते. वरचें रीळ व खालचें रीळ मात्र अखंड फिरत असतात. या दोन गतींचा मेळ बसावा म्हणून झरोक्याच्या वर व खालीं फितीचा एकएक सैल वळसा ठेवावा लागतो. वळसा नाहींसा झाला, कीं रिळाची ओढ सरळ छिद्रावर येते.

विलोम गतींत हेंच सर्व उलटें होतें. नखी फितीस वर ढकलते. फीत झरोक्यांत खालच्या तोंडानें शिरते. ज्या रिळानें घ्यावयाचें तें देऊं लागतें आणि देणारें घेऊं लागतें. चांगल्या बनावटीच्या यंत्रांत याची तजवीज केलेली असते, आणि नवी, बिनसांध्याची फीत अशा यंत्रांत उलट चालविली तर तिला अनुलोम गतीहून फारशी अधिक इजा होत नाहीं. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण विलोम गति हीच सर्व दुःखांचें मूळ असें मानण्याकडे संग्राहकांचा कल दिसतो. इजा होते ती त्या गतीशीं इतर दोष जुळले म्हणजे.

पहिला दोष सांध्याचा. घरगुती सांधा म्हणजे एका तुकड्याचें टोंक खरवडून त्यावर दुसऱ्याचें टोंक डिंकासारख्या द्रवानें चिकटविलेलें. जेथें दोन थर एकावर एक येतात तेथें एक बारीक पायरी होते. ही पायरी अनुलोम गतींत पाठमोरी राहील अशा बेतानें जाणता माणूस सांधा घालतो. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसें तें आहे. एका दिशेनें गुळगुळीत. विलोम गतींत तीच पायरी सामोरी येते आणि झरोक्याच्या कांठाला अडते. सांधा उचकटला तर बरें म्हणावयाचें. तो घट्ट असला तर फीत अडून राहते, आणि नखी सेकंदास सोळा या हिशेबानें तेथल्या छिद्रांस ओरबाडीत बसते.

दुसरा दोष थांबण्याचा. दिशा बदलावयाची तर यंत्र क्षणभर थांबवावें लागतें. दिवा त्या वेळीं पेटलेलाच असतो. उष्णता अडविणारी जाळी नीट पडली नाहीं, तर झरोक्यांतली चौकट भाजते व तिच्या मध्यावर तपकिरी फोड येतो. शिवाय मोटार थांबली तरी भरलेलें रीळ आपल्या भारानें थोडें फिरतें. फीत सैल पडते, आणि उलट गति लागतांच तिला हिसका बसतो. वळसे नाहींसे होतात ते याच वेळीं. जीं यंत्रें आम्ही उघडून पाहिलीं व ज्या फिती तपासल्या, त्यांवरून आमचें असें मत झालें आहे, कीं विलोम गतीपेक्षां अनुलोमांतून विलोमांत जाण्याचा संधिक्षण अधिक घातक. दिवसभर होत नाहीं तें संध्याकाळीं होतें म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

फितीच्या आरंभींचीं छिद्रें फाटलेलीं सांपडतात, त्याचेंहि कारण येथेंच आहे. फीत लावतांना तिचें टोंक खालच्या रिळाच्या खांचेंत अडकविलेलें असतें. सबंध फीत उलट चालवीत आरंभापर्यंत नेली, कीं शेवटीं तें टोंक खांचेंत अडकून राहतें व नखी मात्र वर ढकलीतच असते. फीत गुंडाळण्यासाठीं झरोक्यांतून मागें चालविण्याचा आळस ज्या घरीं होता, त्या घरच्या प्रत्येक फितीचे पहिले दोन-तीन फूट असे फाटलेले आढळतात.

साडेनऊ मिलिमीटरच्या फितीविषयीं दोन शब्द. तिचें छिद्र कांठाला नसून मधोमध, दोन चौकटींच्या मध्यें असतें. ताडपत्राच्या पोथीस दोरा ओंवण्यासाठीं मध्यभागीं भोंक असतें, त्याची येथें आठवण होते. भोंकाभोंवतीं दोरा घासून ताडपत्र झिजलें, कीं शेजारचीं अक्षरें जातात. तसें या फितींत नखी चुकली कीं ओरखडा सरळ चित्रांत जातो, आणि बहुधा उभ्या माणसाच्या तोंडावरूनच जातो.

आतां हानि अनुलोम कीं विलोम, हें ओळखावें कसें? फीत हातीं घेऊन चित्र सुलटें दिसेल अशी धरावी. अनुलोम गतींत नखीचा जोर छिद्राच्या वरच्या कांठावर, म्हणजे फितीच्या आरंभाकडील कांठावर पडतो. विलोम गतींत खालच्या कांठावर पडतो. म्हणून खालचे कोपरे चिरलेले असतील तर विलोम गतीचा संशय घ्यावा. केवळ संशय, निर्णय नव्हे. कारण झरोक्याच्या खालचें दांतेरी चक्र सरळ गतींतहि फितीस खालच्या रिळाच्या ओढीविरुद्ध आंवरून धरतें, आणि त्याचे दांत छिद्राच्या याच कांठावर टेकतात. परंतु चक्राची झीज फितीच्या सबंध लांबीवर सारखी असते. विलोम गतीची जखम तुकड्यातुकड्यानें, जेथें पुनः पुनः मागें-पुढें केलें तेथेंच दिसते. दोहोंतील हा भेद भिंगाखालीं पांच मिनिटांत कळतो.

गिरगांवांतील एका वाडींत राहणाऱ्या एका कुटुंबाकडील फीत आम्हांस या दृष्टीनें पाहावयास मिळाली. सोळा मिलिमीटरची, शंभर फुटांची. म्हणजे फुटास चाळीस याप्रमाणें चार हजार चौकटी, आणि सेकंदास सोळा या वेगानें चार मिनिटें दहा सेकंदांचें चित्र. कांठावर कोडॅकची एकच चौकोनी खूण आहे. वर्तुळ, चौकोन व त्रिकोण यांच्या या खुणा कागदावरील जलचिन्हाप्रमाणें मानाव्या. त्या चित्र घेतल्याचें वर्ष सांगत नाहींत, फीत तयार झाल्याचें सांगतात, आणि दर वीस वर्षांनीं तींच चिन्हें पुनः येतात. एक चौकोन म्हणजे १९३७ किंवा १९५७. मिरवणुकीच्या मागें एका इमारतीवर युनियन जॅक फडकतो आहे, तेव्हां १९५७ बाद झालें. फीत १९३७ ची, व चित्र त्यानंतरचें पण १९४७ च्या आंतलें.

आरंभीं घरची पूजा आहे, मग गल्लींतून निघालेली मिरवणूक, मग चौपाटीवरील विसर्जन, आणि शेवटीं बागेंत खेळणारीं मुलें. फितीच्या सुरुवातीच्या जखमा सोडल्या, तर पूजेच्या व बागेच्या भागांतील छिद्रें जवळजवळ निर्दोष आहेत. विसर्जनाच्या भागांत, जेमतेम नऊ फुटांत, तीन सांधे, एक करपलेली चौकट आणि खालच्या कांठाला चिरलेलीं दीडशेंहून अधिक छिद्रें आम्हीं मोजलीं. सांध्यांपाशीं हालचालींत पडलेल्या उड्यांवरून प्रत्येक ठिकाणीं दहा-बारा चौकटी कापून टाकल्या असाव्या असा आमचा अदमास आहे.

कारण उघड आहे. या भागांत मूर्ति पाण्यांत जाते. यंत्र उलटें चालविलें, कीं ती पाण्यांतून वर येते आणि लोक मागें मागें चालत तिला किनाऱ्यावर आणतात. पोरांना याहून मौज ती कोणती! घरांतील एक वृद्ध बाई, ज्या त्या वेळीं लहान होत्या, सांगत होत्या कीं आजी रागें भरे: "अरे, गेलेल्या बाप्पाला असं ओढून आणूं नये." पुढें त्या थोड्या थांबून म्हणाल्या, कीं मूर्तीचा पाट धरून पाण्यांत उतरलेला तो उंच मुलगा म्हणजे आपला थोरला भाऊ, तो दोन वर्षांनीं विषमज्वरानें गेला. त्यानंतर फीत उलटी चालवावी म्हणून हट्ट धरणारीं मुलें नव्हतीं. आजीच सांगे. पाण्यांत गेलेला नातू पाट घेऊन परत येई, किनाऱ्याजवळ आला म्हणजे एकदां कॅमेऱ्याकडे पाही, आणि तेथें यंत्र थांबवीत. करपलेली चौकट तीच आहे.

कापून टाकलेल्या चौकटींत त्याचा चेहरा आणखी कांहीं क्षण होता, हें दोन्ही बाजूंच्या चौकटींवरून उघड दिसतें. कुटुंबाजवळ त्याची तसबीर नाहीं. आतां घरांतील नव्या पिढीस एका समारंभांत ही फीत जुन्याच यंत्रावर एकवार दाखवावयाची होती, आणि त्यासाठीं आमचा सल्ला विचारण्यांत आला. आम्हीं शंभर चौकटींचें अंतर मोजलें. नव्या फितींत तें ७६२ मिलिमीटर भरतें. येथें ७५५ भरलें. फीत शेंकडा ०.९ आखडली आहे. शेंकडा एकच्या आसपास आखडलेली फीत साध्या यंत्रांत घालूं नये असा जाणत्यांचा नियम आहे, कारण नखी छिद्रांत न शिरतां त्याच्या कांठावर आपटते, आणि विलोम गतींत तर तीन जुन्या सांध्यांच्या पायऱ्या सामोऱ्या असतात. आम्हीं नको म्हणून सांगितलें. थोडी नाराजी झाली, पण यंत्राचा पट्टा काढून ठेवण्यांत आला.

येथें हवेचा विचार न केल्यास लेख एकांगी होईल. ॲसिटेटची फीत आपोआपहि कुजते. तिच्यांतून सिरक्याचें आम्ल सुटतें, तें आम्ल कुजण्यास आणखी वेग देतें, आणि फीत आखडून ठिसूळ होते. डबा उघडतांच सिरक्याचा वास आला, तर रोग जडला असें समजावें. २१ अंश उष्णता व शेंकडा ५० आर्द्रता असलेल्या खोलींत नव्या फितीस हा रोग लागावयास सुमारें चाळीस वर्षें लागतात असें तज्ज्ञ मानतात. मुंबईची हवा याहून कितीतरी उष्ण व दमट. तेव्हां जी फीत १९४० सालीं विलोम गतीचा खेळ हंसत सोसत होती, ती आज अनुलोम गतिहि सोसणार नाहीं. "आम्ही लहानपणीं शंभर वेळां उलटी चालविली, कांहीं झालें नाहीं" असें सांगणारे खोटें बोलत नसतात. ते तेव्हांच्या फितीविषयीं बोलत असतात.

गिरगांव, लालबाग आणि परळ येथील वाड्यांत व चाळींत गणेशोत्सवांत पडद्यावर सोळा मिलिमीटरचे बोलपट दाखवीत. लोक पडद्याच्या दोहों अंगांना बसून पाहत, आणि मागें बसणारांस सर्व कांहीं डावें-उजवें दिसे. या बोलक्या फितींच्या एका कांठावर आवाजाची पट्टी असल्यामुळें छिद्रें एकाच बाजूस असतात. म्हणजे भार तोच आणि आधार निम्मा. अशा प्रती भाड्यानें हातोहात फिरत, आणि त्यांच्या जखमा कोणा एकाच्या माथीं मारतां येत नाहींत. चोरबाजारांत आजहि कधीं कधीं अशीं रिळें व त्याच शेजारीं जुनीं यंत्रें विकावयास असतात. विकणारा रीळ चांगलें असल्याची खात्री पटविण्यासाठीं तेथल्या तेथें तें यंत्रावर चढवून दाखवूं लागतो. घेणारानें त्यास हात जोडून थांबवावें. पोथी खरी कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कोणी तिचें पान पाण्यांत भिजवून पाहत नाहीं.

सुदैवानें आतां फीत वाचण्यास नखीची गरज राहिली नाहीं. नव्या पद्धतीच्या यंत्रांत फीत मऊ रुळांवरून सावकाश सरकते, छिद्राला कांहींच शिवत नाहीं, आणि एकएक चौकट संगणकांत उतरून घेतली जाते. आखडलेली फीतहि यांतून जाऊं शकते. पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि मुंबईंत २०१४ पासून काम करणारें फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांचें फितींच्या जतनाचें कार्य प्रसिद्ध आहे; संग्राहकांनीं प्रथम अशा जाणत्या संस्थांचा सल्ला घ्यावा. उतरून घेतल्यावर संगणकावर चित्र सरळ पाहा, उलट पाहा, हव्या त्या चौकटीवर हवा तितका वेळ थांबा. मूळ फितीस त्याचा स्पर्श होत नाहीं. वर सांगितलेल्या कुटुंबाची फीत अशीच उतरून घ्यावयाची ठरली आहे. मात्र उतरून झाल्यावर मूळ फीत टाकून देण्याची चाल कांहीं घरीं पडत आहे, ती फार वाईट. नक्कल मिळाली म्हणून मूळ सनद कोणी चुलींत घालीत नाहीं. कांठावरील खूण, सांध्यांची जागा आणि छिद्रांच्या जखमा नकलेंत बहुधा येत नाहींत, आणि फितीचा इतिहास तर त्यांतच असतो.

ज्यांच्या संग्रहीं १९६० पूर्वींच्या घरगुती फिती असतील, त्यांनीं डबे कोरड्या व थंड जागीं आडवे ठेवावे, फितीचें वेष्टण फार घट्ट असल्यास तें तसेंच राहूं द्यावें, आणि कोणत्याहि गतीनें ती चालवूं नये. कांठावरील खूण, शंभर चौकटींचें माप, सांध्यांची संख्या, छिद्रांचा कोणता कांठ चिरलेला आहे तें, आणि डब्यावर लिहिलेला मजकूर अक्षरशः, एवढें एका कागदावर उतरून मंडळाकडे पाठवावें. फीत टपालानें पाठवूं नये.